चैत्रातले छोटे तळे

महाराष्ट्रातला वसंत हा फुलांचा ऋतू आहे, पाण्याचा नाही. पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. प्रत्यक्षात शिमग्याच्या आधीच पळस आणि काटेसावर फुलून गेलेली असते, आणि चैत्र लागेपर्यंत पिंपळाला तांबूस पालवी येते, कडुनिंबाचा मोहोर झडू लागतो. त्याच दिवसांत ओढे आटतात, विहिरी खाली जातात. शेवटचा दमदार पाऊस होऊन पाच-सहा महिने उलटलेले असतात आणि मृग अजून दूर असतो. परसातले, अंगणातले किंवा गच्चीतले छोटे तळे या कोरड्या दिवसांत शोभेपेक्षा पाणवठा म्हणून जास्त कामाचे ठरते.

बागेतल्या तळ्यांविषयीची इंग्रजी पुस्तके मुख्यतः इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेली असतात. तिथे थंडी ओसरू लागली की फेब्रुवारी-मार्चमध्ये बेडूक तळ्यात येऊन अंडी घालतात आणि वसंताची चाहूल लागते ती त्या अंड्यांच्या गोळ्यांनी. ते वेळापत्रक इथे लावायला गेले की घोटाळा होतो. इथले बहुतेक बेडूक पाऊस पडल्यावरच अंडी घालतात. चैत्रात ते मातीत, दगडाखाली, ओल्या कुंडीच्या बुडाशी दडून असतात. झाडावर राहणारा बेडूक तर या दिवसांत गारव्यासाठी सरळ न्हाणीघरात येऊन बसतो. वर्षभर पाण्यात दिसतो तो एकच, चाहूल लागताच पाण्यावरून टप्पे घेत पळणारा छोटा बेडूक. तेव्हा मराठी मुलखात वसंतातल्या तळ्याची खरी वर्दळ चतुरांची, मधमाश्यांची आणि पक्ष्यांची.

तळे म्हटले की मोठा खड्डा डोळ्यांसमोर येतो, पण तेवढ्याची गरज नसते. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांच्या मागे गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी अजून पडलेली असते. तिच्यात एक लिली मजेत वाढते. रांजण, जुना हौद, साधारण १०० लिटरचा प्लास्टिकचा टब, काहीही चालते. रांजणातले पाणी भाजलेल्या मातीतून पाझरत राहते, म्हणून ते गार राहते, पण लवकर उतरतेही. काळा टब भर उन्हात ठेवला तर दुपारी हात घालवत नाही इतका तापतो. तो निम्मा जमिनीत पुरावा, नाहीतर भोवती कुंड्या लावून त्याच्या बाजूंवर सावली करावी. जमिनीत खड्डा काढायचा असेल तर ४५ ते ६० सेंटिमीटर खोली पुरते. आत शेततळ्याला वापरतात तोच प्लास्टिकचा कागद अंथरता येतो. त्याखाली जुनी पोती किंवा वाळूचा थर दिला की खड्याने कागद फाटत नाही. सिमेंटची नवी टाकी लगेच वापरू नये. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात, म्हणून दोन-तीन आठवडे ती पुन्हा पुन्हा भरून रिकामी करावी लागते. गच्चीवर तळे करताना मात्र आकडा आधी मांडावा: एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल पाण्याचेच वजन ५०० किलो होते.

काठ हा तळ्याचा अर्धा जीव असतो आणि हौशी माणसे नेमकी तिथेच चुकतात. चारही बाजूंनी उभी, गुळगुळीत भिंत असलेल्या हौदावर चिमणी उतरू शकत नाही, आणि आत पडलेली खार किंवा सरडा बाहेर येऊ शकत नाही. एका बाजूला दगड रचून उतार करावा, आणि पाणी दोन-तीन बोटे खोल असेल असा एखादा पसरट दगड ठेवावा. हे जमत नसेल तर टबात फांदी तिरकी टेकवून ठेवली तरी पुष्कळ. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या जरा खाली मजबूत जाळी बसवणे हा साधा उपाय आहे.

चैत्रातली पहिली तक्रार ठरलेली असते: तळे गळते. बहुतेक वेळा ते गळत नसते, सुकत असते. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे एक लिटर गेले. देशावर एप्रिल-मेच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज ८ ते १० मिलिमीटर सहज उतरते. कोकणातल्या दमट हवेत त्याहून कमी. म्हणजे तीन चौरस मीटरच्या तळ्यातून रोज जवळजवळ दोन बादल्या पाणी हवेत जाते. खात्री करायची तर पाण्याने भरलेली बादली तळ्यात विटांवर अर्धी बुडवून ठेवावी आणि आतल्या व बाहेरच्या पातळीवर खूण करावी. दोन दिवसांनी दोन्ही खुणांपासून पाणी सारखेच उतरले असेल तर दोष उन्हाचा. तळ्याची पातळी जास्त उतरली असेल तर कागदाला भोक शोधावे.

उडते ते फक्त पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात. बोअरवेलचे जड पाणी रोज वरून घालत गेले की काठावर पांढरी रेघ चढते आणि पाणी हळूहळू खारवते. म्हणून नुसती भर न घालता आठवड्या-दोन आठवड्यांनी तळातले चार-सहा बादल्या पाणी काढून ते कुंड्यांना घालावे. माशांची विष्ठा आणि कुजलेली पाने मिसळलेले हे पाणी झाडांना विकतच्या खतापेक्षा कमी मानवत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. रोजची थोडी भर थेट घातली तरी बिघडत नाही, पण एकदम अर्धे तळे भरायचे असेल तर पाणी पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवून मग ओतावे.

तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दिवसा पाण्यातल्या वनस्पती त्यात भर घालतात, रात्री मात्र त्याही तोच प्राणवायू वापरतात. त्यामुळे गर्दी झालेल्या तळ्यात माशांची दमछाक होते ती भर दुपारी नव्हे, पहाटे. सूर्य उगवायच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले आहेत असे समजून खाणे टाकले जाते आणि न खाल्लेले अन्न कुजून अडचण आणखी वाढते. त्या वेळी उंचावरून धार धरून थोडे ताजे पाणी घालावे आणि नंतर मासे कमी करावेत.

पाणी हिरवे होणे हीदेखील या दिवसांतली नेहमीची गोष्ट आहे. ऊन वाढलेले असते, लिलीची पाने अजून पुरती पसरलेली नसतात आणि पाण्यात खत मुबलक असते. मग सूक्ष्म शेवाळ माजते. पूर्ण तळे उपसून घासून काढणे हा सगळ्यात वाईट उपाय, कारण नव्या पाण्यात तेच चक्र पुन्हा सुरू होते आणि दरम्यान शेवाळ खाणारे बारीक जीव मात्र गटारात गेलेले असतात. पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पानांनी झाकला गेला की उजेडाअभावी शेवाळ आपोआप मागे हटते. तंतूंसारखे लांब शेवाळ काठीला गुंडाळून काढता येते. काढलेला गोळा रात्रभर काठावरच ठेवावा, म्हणजे त्यात अडकलेले किडे परत पाण्यात उतरतात.

माघ-फाल्गुन हा लिली आणि कमळ नव्याने लावायचा काळ. दोन्हींना पाच-सहा तास थेट ऊन लागते आणि दोन्हींची अनेकदा गल्लत होते. लिलीचे, म्हणजे कुमुदाचे पान पाण्यावर सपाट पसरते आणि देठापाशी त्याला चीर असते. कमळाचे पान अखंड गोल असते, पाण्याच्या वर उंच उभे राहते आणि त्यावरून पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात. लावणीसाठी घमेले सगळ्यात सोयीचे. त्यात काळी किंवा गाळाची चिकण माती भरावी आणि वरून बारीक खडीचा थर द्यावा, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही. शेणखत वापरायचेच असेल तर पूर्ण कुजलेले, थोडे, आणि अगदी तळाशी. ताजे शेण घातले की पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार होते. कमळाचा कंद, म्हणजे बाजारात भाजीला मिळते ती कमळकाकडी, आडवी लावतात. टोकाचा कोंब मोडला तर तो कंद वाया गेला असेच धरावे. कमळाचे बी लावायचे तर त्याचे दगडासारखे टरफल कानशीने एका बाजूला घासून मग पाण्यात टाकतात. हे टरफल किती पक्के असते याचा दाखला चीनमधला आहे. तिथल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळबीज विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवून दाखवण्यात आले.

रोपवाटिकांत दिसणाऱ्या गुलाबी, पिवळ्या, तांबड्या लिलींपैकी कितीतरी जातींचा वंश फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक याच्या रोपवाटिकेपर्यंत जातो. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या रोपवाटिकेने रंगीत लिलींचे संकर बाजारात आणले आणि चित्रकार मोने याने आपल्या तळ्यासाठी लिली तिथूनच मागवल्या होत्या.

लिलीच्या फुलाकडे सलग तीन-चार सकाळी पाहिले तर त्यातला डाव कळतो. पहिल्या दिवशी उमललेल्या फुलाच्या मधोमध वाटीसारखा खोलगट भाग असतो आणि त्यात पाण्यासारखा पातळ द्रव साठलेला असतो. पुंकेसर तेव्हा पिकलेले नसतात. दुसऱ्या फुलावरून परागाने माखून आलेली माशी गुळगुळीत केसरांवरून घसरते आणि त्या द्रवात पडते. अंगावरचे पराग धुतले जाऊन फुलाचे काम होते. माशी कधी धडपडत बाहेर येते, कधी तिथेच बुडते. पहिल्या दिवसाच्या फुलात मेलेले किडे दिसतात ते यामुळे. दुसऱ्या दिवसापासून द्रव नाहीसा होतो, पुंकेसर पराग सोडू लागतात आणि आता माशीला काहीच धोका नसतो. तीन-चार दिवसांनी फूल मिटून देठासकट पाण्याखाली जाते आणि फळ तिथेच पिकते. कमळाचे फूल पहिल्या संध्याकाळी पुन्हा मिटते आणि आत रेंगाळलेला कीटक रात्रभर अडकतो. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत सापडतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला दृष्टांत मूळ निरीक्षणाच्या बाबतीत चोख आहे. लाकूड पोखरणारा काळा भुंगा आजही घरांच्या वाशांत आणि कोरड्या बांबूंत भोके पाडून राहतो.

तळे म्हटले की शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो डासांचा, आणि तो रास्तच आहे. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असे नगरपालिका सांगतात ते याच हिशेबाने. पण मासे आणि किडे असलेल्या नांदत्या तळ्यात डासाच्या अळीचा निभाव लागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तो कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये, फुटक्या डब्यात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही; कड घासावी लागते. तळ्याला दोष देणाऱ्याच्या घरात फ्रीजमागचा ट्रे एकदा ओढून पाहावा.

तळ्यात सोडायला गप्पी मासे बहुतेक ठिकाणी आरोग्य विभागाकडून मिळतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो, आणि साधारण महिन्याला एक वीण होते. चार गप्पी सोडले तर पावसाळ्यापर्यंत मोजता येत नाहीत. गॅम्बुशिया हा दुसरा डासखाऊ मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्ले आणि चतुरांच्या अळ्याही फस्त करतो, त्यामुळे ज्याला तळ्यात जीवजंतू हवे आहेत त्याने तो टाळलेला बरा. गोल्डफिश दिसायला छान, पण खादाड. छोट्या टबात तो पाणी फार लवकर नासवतो.

माशांशिवायही डासांचा बंदोबस्त करणारा एक प्राणी आहे आणि तो आपल्या पायांनी, खरे तर पंखांनी, येतो: चतुर. बसताना पंख दोन्ही बाजूंना पसरून ठेवतो तो चतुर. सडपातळ, बहुधा पंख पाठीवर मिटून बसणारी ती टाचणी. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे विशिष्ट ध्रुवीकरण ओळखून चतुर पाणी शोधतात. चकाकणाऱ्या मोटारीच्या टपावर शेपटी टेकवत बसलेली मादी कधीकधी दिसते, ती याच फसगतीमुळे: टप तिला तळे वाटतो. शहरी सिमेंटच्या टाक्यांवर हमखास येणारा एक चतुर राखाडी-काळ्या ठिपक्यांचा असतो. तो भिंतीला चिकटून बसला की दगडाचाच भाग वाटतो आणि उडाल्याशिवाय दिसत नाही.

चतुराच्या अळीला तळातल्या गाळात बसून शिकार करायची सवय असते. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुढे फेकला जातो आणि आकडे रुतवून भक्ष्य तोंडाशी आणतो. तिचे कल्ले शेपटीच्या टोकाशी आतल्या बाजूला असतात आणि संकट आले तर तिथलेच पाणी जोराने मागे फेकून ती पुढे झेपावते. टाचणीच्या अळीचे कल्ले बाहेर, शेपटीला तीन पिसांसारखे दिसतात.

वाढ पुरी झाली की रात्री किंवा पहाटे ही अळी पाण्याबाहेर आलेल्या देठावर किंवा काठीवर चढते आणि पाय घट्ट रोवून थांबते. काही वेळाने पाठीवर चीर पडते, आधी डोळे आणि छाती बाहेर येते, मग नवा चतुर डोके खाली करून लोंबकळत राहतो. पाय कडक झाले की तो उलटा वळून जुन्या कातीला धरतो आणि शेपटी ओढून काढतो. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. त्यांत द्रव भरत जातो तसे ते ताणले जातात. या तास-दोन तासांत तो उडू शकत नाही, आणि दयाळ किंवा बुलबुल लवकर उठला तर त्याची न्याहारी होते. उन्हे येईपर्यंत तो गेलेला असतो आणि देठावर पोकळ, तपकिरी, पाठीवर फाटलेली कात उरते. टबात एखादी उभी काठी नसेल तर हे घडायला जागाच राहत नाही. एवढ्यासाठी तरी पाणकणसाचा किंवा वेखंडाचा एक झुबका पाण्यात असावा.

पक्षी तळ्यावर दोन वेळांना येतात, सकाळी नऊच्या आत आणि ऊन कलल्यावर. लालबुड्या बुलबुल, साळुंकी आणि चिमण्या उथळ दगडावर सरळ पाणी उडवत आंघोळ करतात. शिंजीर आणि शिंपी बहुधा पाण्यात उतरत नाहीत; ते शिंपडल्याने ओल्या झालेल्या पानांत अंग घासतात. म्हणून संध्याकाळी झाडांवर पाण्याचा फवारा मारला की पाच मिनिटांत त्यांची हजेरी लागते. फुलांच्या दिवसांत नर शिंजीर निळ्या-जांभळ्या झळाळीचा होतो, तो हाच काळ. थिरथिरा आणि धोबी हे थंडीचे पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परत जातात; तांबटाची टुकटुक आणि कोकिळेची हाक वाढत जाते. वंचक, ज्याला कोकणात ढोकरी म्हणतात, या दिवसांत मातकट रंग टाकून पाठीवर गर्द किरमिजी होतो. तो शांतपणे काठावर उभा राहिला की गप्पींची संख्या आपोआप आटोक्यात येते. खंड्यालाही मासे हवे असतात, पण त्याला टोळ आणि सरडे तितकेच चालतात.

मधमाश्या पाणी पितात त्याहून जास्त वाहून नेतात. पोळे तापले की त्या आत पाण्याचे थेंब पसरवतात आणि पंखांनी वारा घालून ते उडवतात. पोळे गार राहते. सातेरी असो की आग्या, खोल पाण्यावर त्या उतरू शकत नाहीत. ओली खडी, तरंगते लाकूड किंवा लिलीचे पान त्यांना लागते. काठाच्या ओल्या चिखलावर आणखी एक गिऱ्हाईक येते: कुंभारीण. ती मातीची गोळी करून तोंडात धरून नेते आणि खिडकीच्या चौकटीत छोटे मडके घडवते. फुलपाखरांचे नर त्याच चिखलातून क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. कढीपत्ता किंवा लिंबू बागेत असेल तर त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडतात. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात, आणि सह्याद्रीच्या बाजूला नीलवंताच्याही असू शकतात. नीलवंत २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. चार पाने गेली म्हणून या अळ्या चिरडण्यात शहाणपण नाही.

बाकी बागेची या दिवसांतली कामे पाण्याभोवतीच फिरतात. शिशिरात गळलेली पाने जाळण्याऐवजी आळ्यांत पसरली की माती ओल धरते. तळ्यात पडलेली पाने मात्र जाळीने काढावी लागतात, कारण ती कुजताना प्राणवायू खातात. कडुनिंबाच्या मोहोराची पांढरी साय पाण्यावर साठते तीही रोज सकाळी काढावी. छाटून पाणी दिलेला मोगरा आता बहरात असतो. भेंडी, गवार, काकडी आणि दोडका फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेले असतात. कोरड्या उन्हात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि इतर झाडांवर लाल कोळी येतात. पानांच्या मागून पाण्याची जोरदार फवारणी केली तर दोन्ही बरेच कमी होतात, आणि तळ्याजवळ हाच उपाय धरावा. कडुनिंबाचे तेलही पाण्यातल्या किड्यांना बाधते. डासांच्या धुरळणीत वापरली जाणारी औषधे तर माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. गल्लीत धुराची गाडी येणार असेल त्या संध्याकाळी तळे झाकून ठेवावे.

जलपर्णी मात्र कितीही सुंदर फुलली तरी घरी आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि पुण्याच्या मुळा-मुठेत तिचे काय झाले आहे ते सर्वांसमोर आहे. अझोला किंवा गोंडाळ ठेवले असेल तर जास्तीचे खतखड्ड्यात टाकावे, ओढ्यात नव्हे. माशांच्या दुकानातली कासवे आणि मोठे होणारे सकर मासे नदीत 'सोडून देणे' हे पुण्यकर्म नसून स्थानिक माशांवरचे संकट आहे. देशी कासव घरात पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. तळ्यात दिवड दिसला तर तो बिनविषारी असतो. त्याला मासे आणि बेडूक हवे असतात, माणूस नको असतो.

रोहिणीचे वळीव पडू लागले की तळ्याला वरच्या कडेजवळ एक सांडवा ठेवावा, नाहीतर पहिल्याच जोराच्या सरीत घमेल्यातली माती आणि गप्पी दोन्ही अंगणात येतात. मृगाच्या पावसानंतर एखाद्या सकाळी टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर हातभर उंचीवर, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला आढळतो. तो न्हाणीघरातून बाहेर पडलेल्या झाडबेडकाचा. वरचा थर वाळून खपली धरते, आत अंडी ओली राहतात आणि काही दिवसांनी फेस खालून विरघळून पिल्ले एकेक करून पाण्यात पडतात.